बिस्मार्क पाटावर बसला

१२ जुलै १९८९

आबांनी आज माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. चालू कामात! गणपतीचा एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता, आणि यांचा हात पुढे. "आण हिकडं. औंदा आखणीला हात लावायचा नाय तू. अभ्यास कर."

अभ्यास कर म्हणे! दहावीत होते तेव्हापासून या कारखान्यातल्या मूर्तींना डोळे कोण देतंय? हमरापुरात कुणालाही विचारा, महिपतीचा, म्हणजे आमच्या आबांचा, गणपती कशावरून ओळखायचा, तर सांगतील — डोळ्यांवरून. ते डोळे माझे. म्हणजे मी काढलेले. आबांनीच शिकवले, कबूल. पण गेली काही वर्षं डोळ्यांची सगळी आखणी माझीच.

दुपारभर भिंतीला टेकून मेटरनिख, तो ऑस्ट्रियाचा धूर्त मंत्री, वाचला. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

ब्रश का काढून घेतला, त्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. परवा जेवताना मी सांगून टाकलं ना, की दिवाळीनंतर मुंबईला जायचंय, विद्यापीठात, एम.ए.चं पुढचं तिकडेच करायचंय. आबा तेव्हा नुसता भात कालवत राहिले. मला वाटलं, चला, सुटले! कसलं सुटले. आमच्या पुस्तकात याला 'निर्वाणीचा खलिता' म्हणतात. युद्धाच्या आधी पाठवतात तो.

१५ जुलै

आखणीला आता कोण बसलंय? गोविंदा! माझा थोरला भाऊ. शाळेत भारताच्या नकाशात श्रीलंका काश्मीरच्या वर काढली होती ती हीच थोर व्यक्ती. आता देवांना डोळे देणार. देवा, तूच स्वतःला सांभाळ बाबा.

२० जुलै

आज रोह्याला वर्ग. हमरापूर ते पेण, पेण ते रोहा. नागोठण्याच्या पुढे एस.टी. बंद पडली. सगळे उतरून ढकलत होते, मीही ढकलली. एम.ए. असंच करतात बहुतेक.

टिपणीस सर शिकवतात 'आधुनिक युरोप'. रोह्यातलं जुनं जमीनदारांचं घराणं. जमिनी कुळांकडे गेल्या, बसण्याची ऐट तेवढी राहिली. सरांची टिपणं माझ्याहून वयाने मोठी आहेत, पानं हळदीसारखी पिवळी. फ्रेंच राज्यक्रांती दरवर्षी जूनमध्ये सुरू होते आणि गणपतीच्या सुट्टीआधी संपते. नेपोलियनला त्याहून जास्त वेळ मिळत नाही. मुलांना सर गावाच्या नावाने हाक मारतात. मी 'हमरापूर'.

"काय हमरापूर, मुंबईला जायचं म्हणता?"

म्हटलं, हो सर. वसतिगृहात एक जागा दिवाळीनंतर रिकामी होतेय, पण कुणीतरी सांगावं लागेल.

"तिथले विभागप्रमुख माझे जुने मित्र. मी शब्द टाकतो." मग चष्मा पुसला. सर चष्मा पुसायला लागले की समजावं, आता काहीतरी मागणार. "दोन सप्टेंबरला आपण प्रदर्शन भरवतोय. 'युरोपचे शिल्पकार'. तुमच्या वडिलांचा कारखाना आहे ना? त्यांना सांगा, एक बिस्मार्क द्या."

जशी पावशेर भेंडी द्या! पण शब्द टाकायचा तर बिस्मार्क लागेल, हे मला कळलं. एवढं राजकारण मलाही येतं.

२३ जुलै

"आबा, बिस्मार्क पाहिजे."

"कोन?"

"जर्मनीचा. सगळी सुटी सुटी संस्थानं जोडून त्याने एक देश केला."

"देव हाय का राक्षस?"

"पंतप्रधान."

"मंजे मधला," आबा म्हणाले. तीन वर्षं इतिहास शिकून मला इतकं नेमकं उत्तर लिहिता आलेलं नाही!

पुस्तकातलं चित्र दिलं. आबा ते घेऊन दाराशी गेले, उजेडात धरलं, नाकाजवळ नेलं, लांब केलं, पुन्हा जवळ. मग पुस्तक गोविंदाच्या अंगावर टाकलं. "तू सांग रं कसा हाय त्यो." पुस्तकाचा इतका तिटकारा? माझं पुस्तक म्हणून! गोविंदा सांगत बसला — टकला हाय, मिशी अशी खाली लोंबलेली, डोक्यावर लोखंडी टोप नि टोपाला वर टोक. "मुकुटच झाला की," आबा म्हणाले. "करतो मीच. तू हात लावू नको हां शांते."

लगेच तयार! भांडण नाही, कुरकुर नाही. इतक्या लगेच तह होतो तेव्हा त्यात गोम असते. व्हिएन्नाच्या तहाचं प्रकरण वाचल्यावर कळतं ते.

३० जुलै

आबांनी रंगाची बादली लाथाडली. अंगणभर गुलाबी. चालता चालता थेट तिच्यातच पाय! माझ्यावरचा राग बादलीवर. माझ्याकडे बघितलंही नाही.

६ ऑगस्ट

बिस्मार्क उभा राहिला. म्हणजे बसला. आबांनी मानेखालचं धड बसलेल्या गणपतीच्या साच्यातून काढलं. त्यामुळे पोट आलं, मांडी आली, आणि उजवा हात आशीर्वादाला वर. बिस्मार्क आता ऑस्ट्रियाला, डेन्मार्कला, फ्रान्सला, सगळ्यांना 'सुखी भव' म्हणतोय. युरोपात हे आधी कुणाला सुचलं असतं तर माझा निम्मा अभ्यासक्रम वाचला असता.

तोंड मात्र हाताने घडवलंय. आबा अंगठ्याने शाडू दाबत होते आणि डोळे चक्क मिटलेले! मी म्हटलं, बघून तरी करा. तर म्हणाले, "बघून काय व्हतंय? हाताला कळतंय." अशी बेपर्वाई!

आई म्हणते, "आपल्या जुन्या पोस्टमास्तरासारका दिसतो गो." आणि जाता-येता त्याला नमस्कार करते. मी हसले तर म्हणाली, "सवय हाय हाताला. तुजं काय जातंय?"

१३ ऑगस्ट

बिस्मार्कला डोळे आले. तिरळे! एक पॅरिसकडे, एक व्हिएन्नाकडे. इतिहासाच्या दृष्टीने चूक काढता येत नाही, पण प्रदर्शनात माझं नाव असणार ना खाली! आबा पाठमोरे बसून हात धूत होते. म्हटलं, नुसतं बोटाने जरा सरकवावं. बोट पुढे केलं, बांगडी वाजली, तर पाठीमागे न वळता ओरडले, "आखणी ओली हाय! बोट लावशील तर बघ!"

लहानपणापासूनचा त्यांचा कायदा. ओल्या आखणीला बोट लावायचं नाही. सुकू द्यायचं, मग काय ते बोलायचं. डोळा एकदा फरफटला की देव रडका दिसतो, म्हणतात.

पण आज दुसरंच पाहिलं. आबा जेवायला आत गेले, तसा गोविंदा उठला. घाईच्या दिवसांत आबाही आखायला बसतात; त्यांनी सकाळी आखलेल्या मूर्ती एकेक करून जवळ घेतल्या, डोळे पुसले आणि नवीन काढले. भराभर! आणि चांगले काढले, हे लिहिताना माझी बोटं जळतात. श्रीलंका जागेवर आली म्हणायची. कुठे शिकला कोण जाणे. 

"बापाचं काम पुसतोस? लाज नाही वाटत?" मी म्हटलं.

"गप रव. आबांना बोललीस तर याद राख."

अच्छा! म्हणजे राजवाड्यात कट शिजतोय. मला हद्दपार केलं, आता आबांनाही बाजूला सारून युवराज गादीवर बसणार.

"मग बिस्मार्कचे पण नीट कर की!" मी म्हटलं.

"राहूंदे तसेच. जर्मनीत असत्याल तसले डोळे."

२० ऑगस्ट

सरांनी घरी लिहायला प्रश्न दिला : 'पहिल्या महायुद्धाची मूलभूत व तात्कालिक कारणे स्पष्ट करा.' दर वर्षी येतो म्हणे. पाठ करून टाकला. मग वहीच्या मागे माझा प्रश्न लिहिला.

हमरापूरच्या युद्धाची कारणे स्पष्ट करा. मूलभूत कारण : पोरगी नको तेवढी शिकली. तात्कालिक कारण : पोरगी मुंबईला जाते म्हणाली. परिणाम : ब्रश जप्त, बोलणं बंद, जेवताना आबा माझ्याऐवजी दाराकडे बघून "भाजी वाढ" म्हणतात.

सोळापैकी सोळा दिले स्वतःला. सरांच्या हातून कधी दहाच्या वर मिळाले नाहीत.

२ सप्टेंबर

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिल्यापासून लिहिते.

गिऱ्हाईक आपला पाट आधीच आणून देतं, खडूने नाव घातलेला. त्यावर आम्ही मूर्ती बसवतो. न्यायच्या दिवशी देवाच्या तोंडावर कापड टाकायचं, ते घरी मखरात बसवल्यावर काढायचं. वाटेत कुणाची नजर नको. तर आबांनी बिस्मार्कलाही पाटावर बसवला आणि तोंडावर टॉवेल टाकला! मी म्हटलं, याला कशाला? "पाटाबिगर नि उघड्या तोंडानं माझ्या दारातनं मूर्ती जात नाय." पाटावर गोविंदाने खडूने लिहिलं, टिपणीस सर, रोहा.

सकाळी कॉलेजचा टेंपो दारात. परवावर चतुर्थी, कारखान्यात ही झुंबड. गोविंदा हातगाडी घेऊन पेणला गेलेला. आबांनी पाटांवरून बोट फिरवलं, एक उचलला, म्हणाले, "ह्योच तुजा." मी घेतला. आमचं बोलणं जवळजवळ बंदच होतं, आणि उशीर होत होता, म्हणून नाव बघायला थांबले नाही.

रोह्यात हॉल भरलेला. बाकीच्यांनी कागदी चित्रं आणलेली, मूर्ती माझ्या एकटीची, म्हणून मधोमध टेबलावर. खाली सरांच्या हस्ताक्षरात पाटी, त्याच्याच गाजलेल्या शब्दांची : 'बिस्मार्क — रक्त आणि लोह'. प्रमुख पाहुणे म्हणजे सरांच्या पत्नी सुनीतीबाईंचे मामा, कुठल्याशा खात्यातून निवृत्त. त्यांनी टॉवेल ओढला.

गणपती!

आमचाच. लाल पितांबर, मोदक, सोंड डावीकडे. खाली रक्त आणि लोह.

मग पाहुण्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. झालं! सगळ्या हॉलने चपला काढल्या. मागून कुणीतरी आरती सुरू केली, सुनीतीबाईंनी पर्समधून कापूर काढला. पर्समध्ये कापूर घेऊन बायका जर्मनीच्या एकीकरणाला येतात हे मला माहीत नव्हतं. सरांचं तोंड उघडं ते उघडंच. गेली जागा, गेलं विद्यापीठ, गेली मुंबई. आता जन्मभर पितांबर रंगव.

आणि पाहुणे बोलायला उभे राहिले! "बिस्मार्क काय किंवा आणखी कोण काय, विखुरलेल्यांना एकत्र आणणारा आपला मूळ देव कोणता? हे ज्या मुलीला सुचलं तिचं मी अभिनंदन करतो." टाळ्या. सर पटकन उठले. "हाच विचार मी हमरापूरला सुचवला होता."

सर, तुम्हाला व्हिएन्नाला पाठवायला हवं होतं. मेटरनिख चहा आणून देत बसला असता.

बाहेर येऊन म्हणाले, "मी मुंबईला फोन करतो. तुमची जागा झालीच म्हणून समजा."

मी आत जाऊन पाटाची कड बघितली. खडूने लिहिलेलं : काळुराम, गडब.

म्हणजे बिस्मार्क गडब गावाला!

३ सप्टेंबर

काल थकून पडले, राहिलेलं आज लिहिते. गणपती मांडीवर घेऊन एस.टी.ने गडबला उतरले. काळुरामचं हायवेवर चहाचं दुकान, मागे घर. दारात ही गर्दी. मखर, माळा, लुकलुकणारे दिवे, आणि मधोमध बिस्मार्क. हात वर, नजर दोन्हीकडे.

काळुरामची बायको बायजा माझ्यावर धावून आली. "काय गो, ह्यो कुनाचा आजा बसवलाव आमच्या घरात? कापड काडला नि मी किचाळलीच!"

"मला वाटला औंदा नवीन फॅशन आली," काळुराम म्हणाला. "फौजी गणपती. सोंड लावाची इसरले म्हनलो." शेजारचा एक म्हातारा तर दूर्वा ठेवून गेला होता. बिस्मार्कच्या मांडीवर दूर्वा! 

बदलाबदल केली. पाया पडून माफी मागितली. निघताना काळुराम म्हणाला, "मी आबांना बोललो व्हतो हां, नाव बगून द्या. तर पाटावर बोट फिरवत बसले नि म्हनले, ह्योच तुजा."

पाटावर बोट फिरवलं. मलाही तसंच. वाचलं नाही का? वाचलं असणारच! म्हणजे मुद्दाम केलं. बिस्मार्कने एका तारेतले चार शब्द गाळले आणि फ्रान्सशी युद्ध पेटवलं. आबांनी नुसते पाट बदलले. माझी फजिती होईल, सर चिडतील, जागा जाईल, पोरगी घरात राहील. साधं, सरळ, बिनखर्चाचं!

घरी गेले ती तशीच उभी राहिले त्यांच्यासमोर. नको नको ते बोलले. "मी जाऊ नये म्हणून केलंत ना हे? सांगा ना! पाटावरचं नाव दिसत नव्हतं तुम्हाला?"

गोविंदा मध्ये पडायला आला. आबांनी हाताने थांबवलं त्याला. मग म्हणाले, "चूक झाली माझी. तुजी जागा गेली काय?"

"नाही. मिळाली!"

"मिळाली?" आणि हसले! भिंतीला हात टेकत आत निघून गेले.

कबुली मिळाली. युद्ध मी जिंकले. मग मला रडू का येतंय?

१४ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. सगळे गेले पाण्यात. बिस्मार्क राहिला. तो आता ओटीवर बसतो. आई त्याच्या टोपाच्या टोकाला हात पुसायचं फडकं अडकवते.

२२ ऑक्टोबर

सरांनी सांगितलं, पक्कं झालं. सहा नोव्हेंबरला हजर व्हायचं. वर म्हणाले, "मुंबईला कुणी विचारलं तर माझी टिपणं वापरली म्हणून सांगू नका."

३१ ऑक्टोबर

भाऊबीज. गोविंदाला ओवाळलं. त्याने ताटात माझा ब्रश ठेवला. आखणीचा, जप्त झालेला. "ने मुंबैला." मी म्हटलं, तिकडे काय करू, नेपोलियनला पापण्या काढू? तो हसला नाही. हल्ली विनोद कळत नाहीत त्याला. गादीवर बसल्यावर होतं असं.

आणि आबा! रोज सकाळी एकच प्रश्न. "कधी जातेस गो?" "ट्रंक भरलीस?" "थांबू नको हां. येळेवर जा." आधी मला अडकवायला पाट बदलले आणि आता ढकलून काढायची घाई! कारणमीमांसा कुठेच जुळत नाही. अशी विसंगती दिसली की सर म्हणतात, "हे सोडून द्या, परीक्षेला येत नाही."

५ नोव्हेंबर

ट्रंक भरून झाली. संध्याकाळी सगळ्यांच्या पाया पडले. आईने पोटाशी धरलं. ओटीवर आबा, शेजारी बिस्मार्क, कंदील आतच राहिलेला. मी वाकले. आबांनी आशीर्वादाला हात पुढे केला आणि ठेवला कुठे? बिस्मार्कच्या टोपावर! माझं डोकं इथे, हात तिथे! म्हणाले, "सुखी ऱ्हा. शिक."

माझ्या डोक्यावर हात ठेवायचीही इच्छा नाही! आशीर्वाद दिला तो जर्मनीला. मी उठून आत आले. आता मागे वळून बघणार नाही. पुढच्या दिवाळीलाही येणार नाही. मेला तो पाट आणि मेली ती आखणी.

६ नोव्हेंबर

फाट्यापर्यंत गोविंदा ट्रंक घेऊन आला. वाटभर मी त्या हाताबद्दल बडबडत होते. त्याने ट्रंक रस्त्यातच खाली ठेवली.

"आबांना दिसत नाय गो शांते. शिमग्यापासनं कमी व्हत आलंय. पनवेलच्या डाक्टरनं सांगितलान, काचबिंदू हाय, गेली ती नजर येत नाय. मला शपथ घातलीन. म्हनले, तिला कळलं तर ती ब्रश सोडायची नाय नि मुंबैला जायची नाय. तवा आताच काडून घेतो तिच्याकडनं."

ट्रंक तिथेच टाकून मी पळत आले. आबा ओटीवर होते, फाट्याकडे तोंड करून. त्यांच्यासमोर बसले. त्यांचा हात धरला आणि माझ्या तोंडावर ठेवला. शाडूवर फिरवतात तसा अंगठा फिरवला त्यांनी. कपाळ, नाक, भुवया. डोळ्यांपाशी आला आणि थांबला. झटकन काढून घेतला.

"आखणी ओली हाय," म्हणाले. "सुकू दे. मंग जा."

फाट्यावरून एस.टी. गेल्याचा आवाज आला. अजून सुकली नाही.